ई-साधनांचे करार, कॉपीराइट आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत: ई-जर्नल, ई-पुस्तके आणि डेटाबेस यांच्या वापराचे नियम ग्रंथपालांनी कसे समजून घ्यावेत आणि ते त्यांना कसे शिकवावेत. पहिल्या पत्राला मुद्दाम सविस्तर उत्तर दिले आहे, कारण पुढच्या अनेक शंका त्याच प्रश्नाच्या पोटातून निघाल्या आहेत.

प्रश्न: मी सातारा येथे ग्रंथपालन वर्गाला शिकवतो. जिल्ह्यातील महाविद्यालयीन आणि सार्वजनिक ग्रंथपालांसाठी आम्हाला दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. मागे अशाच एका कार्यशाळेत एका वकिलांनी कॉपीराइट कायद्याची कलमे उत्तम समजावून सांगितली होती. सर्वांनी टिपणे घेतली, प्रमाणपत्रे मिळाली. पण त्यानंतर कोणाच्याही कामात काही फरक पडल्याचे दिसले नाही. या वेळी नेमके काय शिकवावे?

उत्तर: माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी कायदा शिकवू नये, करार वाचायला शिकवावे. ग्रंथपालाच्या टेबलावर कलमे येत नाहीत. प्रकाशकाचा किंवा एजंटाचा करार येतो, त्यासोबत कोटेशन येते आणि 'आजच सही हवी' असा निरोप येतो. त्या क्षणी त्याला काय वाचायचे, कुठे थांबायचे आणि काय विचारायचे हे ठाऊक नसेल, तर कलमांचे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही.

सुरुवात मालकी आणि परवानगी यांतील भेदापासून करावी. छापील पुस्तक विकत घेतले की त्या प्रतीची मालकी ग्रंथालयाकडे येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १४ पुस्तकाच्या प्रती लोकांना उपलब्ध करून देण्याचा हक्क हक्कधारकाला देते, पण आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळते. त्यामुळे देवघेव विभागातून एकच प्रत कितीही सभासदांच्या हाती गेली तरी कोणाची परवानगी लागत नाही. वर्गणी भरून घेतलेल्या ई-जर्नलच्या बाबतीत अशी प्रत हाती येतच नाही. प्रकाशकाच्या सर्व्हरवरील मजकूर अमुक लोकांनी, अमुक काळ, अमुक रीतीने वापरावा एवढी परवानगी मिळते, आणि तिच्या मर्यादा मुख्यतः करार ठरवतो. हे समजावण्यासाठी घरभाड्याचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार समोर ठेवावा. तो बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेला असतो. कोण राहणार, किती दिवस, भाडे किती वाढणार, मुदत संपल्यावर काय, वाद झाला तर न्यायालय कोठले, हे सारे प्रश्न त्यात असतात आणि ई-साधनांच्या करारातही तेच असतात.

यानंतर प्रत्येक सहभागी ग्रंथपालाने आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गणीचा करार सोबत आणावा, अशी अट निमंत्रणातच घालावी. अनेकांना तो सापडणार नाही. कोणाचा करार प्राचार्यांच्या कार्यालयात असेल, कोणाचा एजंटाकडे राहिला असेल, तर कोणी संकेतस्थळावरील 'मान्य आहे' या बटणावर क्लिक करून करार केला असेल आणि आपण करार केला आहे याची त्याला कल्पनाही नसेल. कार्यशाळेचा पहिला तास यावरच खर्च झाला तरी तो वाया गेला असे समजू नये. कॉपीराइट कायद्याचे कलम ३० परवाना लेखी असावा असे सांगते. तो लेखी कागद कुठे आहे हे माहीत असणे ही ग्रंथपालाची पहिली जबाबदारी आहे.

मग करार ओळीने वाचावा आणि 'अधिकृत वापरकर्ता' या व्याख्येपाशी सर्वांत जास्त वेळ थांबावे. करारात बहुधा नोंदणीकृत विद्यार्थी आणि कर्मचारी असा उल्लेख असतो. आता आपल्या महाविद्यालयांतील प्रत्यक्ष माणसे आठवा: तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक कर्मचारी ठरतात का? महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात बसणारा, पण शिवाजी विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी नोंदणी झालेला विद्यार्थी कोणाचा? निवृत्त प्राध्यापक, माजी विद्यार्थी, गावातून येऊन ग्रंथालयाच्या संगणकावर बसून वाचणारा वकील किंवा शेतकरी यांचे काय? यांतला प्रत्येक जण करारात नावानिशी बसवता येतो, मात्र सहीच्या आधी. ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकाला मुभा देणारे कलम अनेक प्रकाशक मागितल्यावर मान्य करतात. न मागता ते क्वचितच मिळते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एकेका शिक्षणसंस्थेची अनेक महाविद्यालये असल्याने 'स्थळ' या शब्दाकडेही लक्ष द्यावे, कारण एका महाविद्यालयाची वर्गणी म्हणजे संपूर्ण संस्थेची वर्गणी नव्हे.

दुसरे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे वर्गणी थांबल्यानंतरचा वापर. पाच वर्षे पैसे भरून सहाव्या वर्षी नूतनीकरण झाले नाही, तर आधीच्या पाच वर्षांचे अंक वाचता येतील का? येणार असतील तर कोणाच्या सर्व्हरवरून, आणि ते जर्नल दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले तर काय? 'कायमस्वरूपी वापर' एवढे दोन शब्द लिहून भागत नाही. तो वापर कसा पुरवला जाईल हेही लिहून घ्यावे लागते. छापील अंकांची बांधणी करून ते कपाटात जपून ठेवणाऱ्या ग्रंथपालाला हा प्रश्न सहज कळतो, म्हणून मी तो कार्यशाळेच्या मध्यभागी ठेवीन.

पद्धतशीर डाउनलोडला मनाई करणारे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असते. एखाद्या विद्यार्थ्याने डाउनलोडचे साधन लावून एका बैठकीत शेकडो लेख उतरवले की प्रकाशकाची यंत्रणा तो आयपी पत्ता, म्हणजे महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीची ओळख, बंद करते, आणि ऐन परीक्षेच्या वा प्रबंधाच्या दिवसांत साऱ्या महाविद्यालयाचा वापर थांबतो. वापर बंद करण्यापूर्वी प्रकाशकाने लेखी सूचना द्यावी आणि चूक दुरुस्त करण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी, असे वाक्य करारात मागता येते. त्याचबरोबर एका माणसाच्या गैरवापराची भरपाई संस्थेच्या गळ्यात घालणारे कलम मान्य करू नये. गैरवापर लक्षात आल्यावर वाजवी पावले उचलण्याइतकीच जबाबदारी ग्रंथालयाने स्वीकारावी.

नूतनीकरण आपोआप होते का, रद्द करण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, दरवर्षीची दरवाढ किती, न्यायालय कोणत्या देशातले, वापराची आकडेवारी मिळणार की नाही, हे मुद्दे भराभर घेता येतील. मात्र किमतीच्या गोपनीयतेच्या कलमावर थोडे थांबावे. ज्या महाविद्यालयाला सार्वजनिक पैशातून अनुदान मिळते, त्याने आपण दिलेली किंमत शेजारच्या महाविद्यालयाला सांगू नये, अशी अट मला मान्य होण्यासारखी वाटत नाही. ग्रंथपालांना एकमेकांचे दर कळले नाहीत तर वाटाघाटीत ते प्रत्येक वेळी एकटेच उभे राहतात. अलीकडच्या करारांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांत मजकूर टाकण्यास मनाई करणारी कलमेही येऊ लागली आहेत. ती इतक्या व्यापक शब्दांत नसावीत, की लेखांच्या मोठ्या संचाचे संगणकाने विश्लेषण करणारा संशोधकही त्यात अडकेल.

वाचन झाले की लेखन. प्रत्येक गटाला एक जाचक कलम द्यावे आणि ते आपल्या बाजूने पुन्हा लिहायला सांगावे. मग एकाने एजंट व्हावे, दुसऱ्याने ग्रंथपाल आणि सर्वांसमोर बोलणी करावीत. सरावासाठी आदर्श मसुदे उपलब्ध आहेत: येल विद्यापीठात सुरू झालेल्या लिबलायसेन्स प्रकल्पाचा नमुना करार आहे आणि ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ असलेल्या इफ्लाने २००१ मध्ये परवान्यांविषयीची तत्त्वे मांडली आहेत. हे मसुदे इंग्रजीत असले तरी चर्चा मराठीतच व्हावी. इंग्रजी कायदेशीर वाक्यरचनेच्या धाकानेच अनेक ग्रंथपाल करार न वाचता पुढे सरकवतात, आणि तो धाक स्वतःच्या भाषेत कलम सांगता आले की पुष्कळ कमी होतो.

दुसऱ्या दिवशी कायदा घ्यावा, पण प्रसंगांच्या आधारे. सार्वजनिक ग्रंथपालांच्या वाट्याला ई-जर्नलचे करार कमी येतात आणि जुन्या पुस्तकांच्या स्कॅनिंगचे प्रश्न अधिक येतात, तेव्हा त्या दिवसाचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखावा. एका तासासाठी तरी प्राचार्य आणि लेखापाल यांनाही बोलवावे, कारण सही त्यांची असते आणि ३१ मार्चची घाईही त्यांचीच असते.

प्रमाणपत्राविषयी एक सूचना. ते कार्यशाळेच्या शेवटी न देता, सहभागी ग्रंथपालाने आपल्या महाविद्यालयाच्या एका कराराचा एका पानाचा मराठी सारांश लिहून पाठवल्यानंतर द्यावे. कोणाला वापर करता येतो, किती पाने डाउनलोड करता येतात, सहकाऱ्याला लेख पाठवता येतो का, घरून वाचता येते का, एवढे त्यात असावे आणि ते पान देवघेवीच्या काउंटरवर लावलेले असावे. ज्याला तो सारांश लिहिता आला त्याला करार वाचता आला, असे खुशाल समजावे.

प्रश्न: सांगलीतील आमच्या अनुदानित महाविद्यालयात एन-लिस्टची वर्गणी आहे. शिक्षण पूर्ण करून गेलेले विद्यार्थी जुन्या पासवर्डने वाचत राहतात आणि काही प्राध्यापक आपला पासवर्ड बाहेरच्या मित्रांना देतात. हा कॉपीराइटचा भंग आहे का? शिवाय शिक्षणसंस्थांना केंद्र सरकारच्या खर्चाने जर्नल वाचायला देणारी 'एक देश, एक सबस्क्रिप्शन' योजना आल्यावर आम्हाला वेगळी वर्गणी भरण्याची गरज उरली का?

उत्तर: पासवर्ड दुसऱ्याला देणे हा सर्वांत आधी कराराचा भंग आहे, आणि व्यवहारात त्याचाच फटका लवकर बसतो. एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत महाविद्यालयांना मिळणारी सेवा आहे. तिच्यामागे प्रकाशकांशी केलेले करार आहेत आणि त्या करारांत वापरकर्ता म्हणून सदस्य महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि अध्यापक धरलेले आहेत. म्हणून दर शैक्षणिक वर्षाच्या शेवटी वापरकर्त्यांची यादी प्रवेश रजिस्टराशी ताडून पाहावी आणि बाहेर पडलेल्यांची खाती बंद करावीत. ग्रंथालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र देतानाच हे काम केले तर वेगळा वेळ लागत नाही. प्राध्यापकांशी मात्र परिपत्रकापेक्षा समोरासमोर बोलावे. एखाद्या मित्राला एका लेखाची गरज असेल तर लेखकाला थेट पत्र पाठवून तो मागता येतो, किंवा करारात आंतरग्रंथालयीन देवघेवीची मुभा असेल तर ग्रंथालयामार्फत मिळवून देता येतो, हे त्यांना सांगितले की पासवर्ड देण्याचे कारणच बऱ्याच अंशी उरत नाही.

'एक देश, एक सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली आणि ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका जाहीर झाला. परंतु त्या संस्था म्हणजे केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था होत. खासगी संस्थेने चालवलेले अनुदानित महाविद्यालय आपोआप त्यात येते असे गृहीत धरू नये. योजनेच्या यादीत आपले नाव प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चालू वर्गणी थांबवू नका.

प्रश्न: आमचे वाचनालय वाळवा तालुक्यात आहे. जुन्या नाटकांची, कादंबऱ्यांची आणि मासिकांची पाने तुटू लागली आहेत. एका दात्याने स्कॅनर दिला आहे. आम्ही सर्व पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावीत असा कार्यकारिणीचा विचार आहे. यात अडचण आहे का?

उत्तर: स्कॅन करणे आणि संकेतस्थळावर ठेवणे या दोन वेगळ्या कृती आहेत आणि कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये विनानफा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक सोय केली: ज्या कृतीची छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून आहे, ती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. त्याच कलमात आणखी एक जुनी सोय आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी ग्रंथालयप्रमुखाच्या देखरेखीखाली करता येतात. तेव्हा तुटणारी पाने स्कॅन करून हार्डडिस्कवर ठेवायला आजच सुरुवात करावी. त्यासाठी कोणाची वाट पाहू नये, कारण ओलावा आणि वाळवी कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत थांबत नाहीत.

संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे मात्र कृती लोकांपर्यंत पोहोचवणे. तो हक्क हक्कधारकाचा आहे आणि त्यासाठी मुदत पाहावी लागते. कलम २२ नुसार लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे कॉपीराइट टिकतो. आपल्याच परिसरातील नावे घेऊन हे हिशेब शिकवता येतात. गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले. त्यांची नाटके केव्हाच मुक्त झाली आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे निधन १९४८ मधले, म्हणजे २००८ अखेर मुदत संपली. आपल्या तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे आणि १ जानेवारी २०३० पासून ते मुक्त होईल. ग. दि. माडगूळकरांच्या बाबतीत, निधन १९७७ मधले असल्याने, २०३७ चा शेवट धरावा लागेल. वाचनालयाच्या तालिकेत लेखकाच्या निधनाचे वर्ष नोंदवण्यासाठी एक रकाना वाढवा. पुढची तीस-चाळीस वर्षे तो रकाना उपयोगी पडत राहील.

काही सावधगिरी येथे आवश्यक आहे. मूळ नाटक मुक्त असले तरी त्याच्या अलीकडच्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा, चित्रे आणि मुखपृष्ठ यांवर ज्याचे त्याचे हक्क असतात. म्हणून शक्य तिथे जुनी आवृत्तीच संकेतस्थळासाठी निवडावी. अनुवादाची मुदत अनुवादकाच्या निधनापासून मोजतात. दोन लेखकांचे संयुक्त पुस्तक असेल तर शेवटी निवर्तलेल्या लेखकाचे वर्ष धरायचे. निनावी आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. मासिके हा सर्वांत अवघड भाग आहे, कारण एका अंकात वीस लेखकांचे हक्क असू शकतात. त्यांचे जतन करावे, अंकांची अनुक्रमणिका संकेतस्थळावर द्यावी, आणि पूर्ण मजकूर वाचनालयात येणाऱ्या अभ्यासकाला जपून हाताळण्याच्या सूचनांसह पाहू द्यावा, असे मी सुचवीन.

मुदत न संपलेल्या पुस्तकासाठी परवानगी मागताना ती कोणाकडे मागायची, हाही प्रश्न येतो. प्रकाशकाने होकार दिला म्हणजे काम झाले असे नाही. हस्तांतराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नसलेल्या माध्यमाला ते हस्तांतर, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, लागू होत नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये घातले आहे. त्याआधीच्या करारांतही लेखकाने कोणते हक्क दिले होते हे मूळ कागदावरूनच ठरते. त्यामुळे प्रकाशकाबरोबर लेखकाच्या वारसांचीही लेखी संमती घ्यावी. आपल्या भागातील लेखकांचे वारस बहुधा आपल्याच भागात असतात. वाचनालयाच्या कार्यवाहांनी घरी जाऊन विनंती केली तर अनेक कुटुंबे आनंदाने सही देतील. त्या पत्रात केवळ 'संमती आहे' असे न लिहिता कोणते पुस्तक, कोणत्या संकेतस्थळावर, किती काळ, डाउनलोडची मुभा आहे की फक्त वाचनाची, हे लिहावे. येथे ग्रंथालय स्वतः परवाना मागणारा पक्ष असते, म्हणून मसुदा लिहिण्याचा सरावही याच निमित्ताने होतो.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर काही जण नव्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टाकतात. गटाचा प्रमुख मी, म्हणजे ग्रंथपालच आहे. काय करावे?

उत्तर: त्या फाइली काढून टाकाव्यात आणि गटावर पुस्तकांच्या पीडीएफ टाकू नयेत असा नियम स्पष्ट शब्दांत लिहावा. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइटभंगासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वाचनालयाच्या नावाने चालणाऱ्या गटावर हे घडत राहणे योग्य नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते हे ग्रंथपालाला इतर कोणापेक्षा अधिक ठाऊक असते. ज्या पुस्तकाची पीडीएफ फिरते आहे ते वाचनालयासाठी विकत घ्यावे आणि 'हे आपल्याकडे आले आहे' असा निरोप त्याच गटावर टाकावा.

प्रश्न: कराडच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यानंतर विद्यार्थ्यांसाठी प्रकरणांच्या प्रती काढता येतात असे ऐकतो. मग वर्गणीच्या डेटाबेसमधील लेखांच्या पीडीएफ गूगल क्लासरूमवर टाकल्या तर चालेल का?

उत्तर: त्या खटल्यात ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एक सदस्यीय पीठाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. त्यानंतर ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने असे सांगितले की, अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना कलम ५२ चे संरक्षण आहे, हे अध्यापन केवळ वर्गातल्या तासापुरते मर्यादित नाही, आणि अध्यापनाच्या हेतूसाठी जेवढे आवश्यक तेवढे घेता येते; पानांचा ठरावीक आकडा कायद्यात नाही. विशिष्ट मजकूर खरोखर आवश्यक होता का, याची तपासणी मात्र त्यांनी खुली ठेवली. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निकाल शिक्षणासाठी फार मोलाचा आहे आणि प्रत्येक ग्रंथपालाने तो जाणून घ्यायला हवा.

परंतु तो छापील पुस्तकांच्या झेरॉक्स प्रतींविषयी होता. डेटाबेसच्या बाबतीत आपण कायद्याबरोबर करारानेही बांधलेले असता. कायद्याने दिलेली सवलत कराराने काढून घेता येते का, यावर देशोदेशीची उत्तरे वेगळी आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये संशोधन आणि खासगी अभ्यासासाठीच्या काही सवलती कराराने रद्द करता येणार नाहीत असे कायद्यातच लिहिले. आपल्या कायद्यात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. ती असावी असे मला मनापासून वाटते, पण ती येईपर्यंत ग्रंथपालाचा आधार एकच: करारात स्वतः लिहून घेतलेले वाक्य. 'या करारातील कोणतीही अट भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खालील सवलतींना बाध आणणार नाही' एवढे वाक्य प्रत्येक करारात मागावे.

तोपर्यंत गूगल क्लासरूमवर पीडीएफ न टाकता लेखाची कायमस्वरूपी लिंक टाकावी. विद्यार्थी आपल्या खात्याने लेख उघडतो, नियम पाळला जातो, आणि वापराच्या आकडेवारीत प्रत्येक वाचन नोंदले जाते. पुढच्या वर्षी ती वर्गणी टिकवायची की नाही हे ठरवताना हे आकडे उपयोगी पडतात. मुक्त परवान्यावर प्रसिद्ध झालेले लेख असतील तर पीडीएफ टाकायलाही हरकत नाही. मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे अशा मुक्त वापरासाठी तयार केलेले ठरावीक नमुन्यांचे, सर्व परवाने सारखे नाहीत हे ध्यानात ठेवावे: काही केवळ श्रेय मागतात, काही व्यावसायिक वापर नाकारतात, तर काही बदल करून वाटण्यास मनाई करतात. शेवटच्या प्रकारातील लेखाचे मराठी भाषांतर करून विद्यार्थ्यांना वाटायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न: मिरजेच्या आमच्या महाविद्यालयातील एका अंध विद्यार्थिनीचे स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) प्रकाशकाचे ई-पुस्तक वाचू शकत नाही, कारण फाइलला कुलूप आहे. ते कुलूप काढणे बेकायदेशीर ठरेल का?

उत्तर: तिच्या बाजूने कायदा भक्कम उभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करण्याची मुभा दिली. कलम ६५अ तांत्रिक कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाच्या हेतूने ते तोडले तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते काढण्याला त्याच कलमात सूट आहे. दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अट मात्र आहे. म्हणून ग्रंथालयात यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवा. त्याआधी प्रकाशकाला लेखी विनंती करून खुली फाइल मागा. बऱ्याचदा ती मिळते. दृष्टिबाधितांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश आहे आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तके मिळतात. या विद्यार्थिनीची तेथे नोंदणी करून द्यावी. पुढच्या करारात स्क्रीन रीडरने वाचता येईल असे स्वरूप पुरवण्याची जबाबदारी प्रकाशकावर टाकणारे कलम मागायला विसरू नका.

प्रश्न: मार्च अखेर आहे. एजंट म्हणतात की करार ठरावीक नमुन्यातला असतो, त्यात एक शब्दही बदलत नाही. बाकीच्या सवलती ते तोंडी मान्य करतात. प्राचार्य आजच सही करा म्हणतात. माझ्या हातात एकच दिवस आहे.

उत्तर: एका दिवसातही पुष्कळ करता येते. एजंट वितरक असतो; करार प्रकाशकाशी असतो, तेव्हा एजंटाच्या तोंडी शब्दाला करारात जागा नाही. त्याने मान्य केलेल्या सवलती, उदाहरणार्थ घरून वाचण्याची सोय किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा समावेश, ई-मेलमध्ये लिहून त्याला आजच पाठवा आणि प्रकाशकाच्या अधिकृत पत्त्यावरून त्यावर होकार मागवा. करारात 'हा लेखी करार हाच संपूर्ण व्यवहार' असे कलम बहुधा असते, म्हणून तो ई-मेल केवळ फाइलला न लावता परिशिष्ट म्हणून कराराला जोडावा आणि परिशिष्टावरही दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. संध्याकाळपर्यंत होकार आला नाही, तर तीन वर्षांऐवजी एका वर्षाचाच करार करा, आपोआप नूतनीकरणाचे कलम खोडून तेथे लघुस्वाक्षरी करा, आणि कोणत्या अटींवर आपला आक्षेप आहे हे प्राचार्यांना दिलेल्या टिपणीत तारखेसह लिहून त्याची पोच घ्या. पुढच्या वर्षीची बोलणी नोव्हेंबरात सुरू करताना तीच टिपणी समोर ठेवा.